शेपटीच्या फायली: ‘सेव्ह’ केल्यावर शेजारी उगवणाऱ्या डेटाबेस जर्नलचं प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावी आम्ही तिघं मिळून एक छोटं सॉफ्टवेअर चालवतो. गिऱ्हाईक ठरलेलं आहे: रस्ते, गटारी, शाळाखोल्या अशी सरकारी कामं घेणारे ठेकेदार. साइटवर सुपरवायझर मोजमापं भरतो, ऑफिसात कुणीतरी त्याला एसएसआरचे (सरकारी दरसूचीतले) दर लावतं आणि त्यातून रनिंग बिल, म्हणजे काम चालू असतानाचं टप्प्याचं बिल, निघतं. एका कामाची एक फाइल. वर्डचं डॉक्युमेंट असतं तशी ती उघडायची, भरायची, सेव्ह करायची आणि पेनड्राइव्हवर नाहीतर व्हॉट्सॲपवर पुढे सरकवायची.

ही फाइल म्हणजे आतून एसक्यूलाइटचा डेटाबेस. अख्खा डेटाबेस एका फायलीत मावतो, सर्व्हर लागत नाही, म्हणून डेस्कटॉप सॉफ्टवेअर बनवणारे पुष्कळजण हाच रस्ता धरतात. आमची पहिली आवृत्ती या पायावर बरीच वर्षं चालली. तिच्यातले सगळे एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला द्यायच्या आज्ञा, हाताने लिहिलेले होते. २०२२ मध्ये आम्ही ते डॉट नेट ६ (मायक्रोसॉफ्टचा सॉफ्टवेअर बनवायचा पाया) आणि एंटिटी फ्रेमवर्क कोअर (त्यावरची, डेटाबेसच्या आज्ञा आपणहून लिहिणारी लायब्ररी) यांवर नव्याने लिहिलं. स्क्रीन सुधारल्या, कोड निम्म्यावर आला, आणि आम्ही आमचीच पाठ थोपटून घेतली.

फायलीचं स्वरूप तेच ठेवलं होतं. निदान आमचा तसा समज होता.

तक्रार

पहिला फोन एका ठेकेदाराच्या ऑफिसातून आला. तिथे हिशेब बघणाऱ्या मॅडम आहेत. नवीन काही दिसलं की पहिल्यांदा त्याच विचारतात.

“दादा, ते नाला-काम-तीन सेव्ह केलं की शेजारी दोन पिल्लं जन्माला येतायत. ठेवू का काढू?”

स्क्रीनचा फोटो मागवला. फोल्डरमध्ये तीन ओळी होत्या. ‘नाला-काम-३.मोज’ ही आमची फाइल, तिच्याखाली ‘नाला-काम-३.मोज-वॉल’ आणि ‘नाला-काम-३.मोज-एसएचएम’. शेवटची बरोब्बर ३२ केबीची.

माझ्या भागीदाराने फोन घेतला आणि सांगितलं, “काही नाही मॅडम, तात्पुरत्या असतात, आपोआप जातील.” हे वाक्य आम्हाला पुढे चांगलंच महागात पडलं. तात्पुरत्या असतात हे खरं. पण ‘तात्पुरती’ म्हटलं की माणसाला ऐकू येतं ‘बिनकामाची’, आणि त्या बिनकामाच्या मुळीच नव्हत्या.

पुढच्या काही आठवड्यांत आणखी दोन प्रकारच्या तक्रारी आल्या. एक अशी की आमच्या सॉफ्टवेअरात काम बंद केलं तरी पेनड्राइव्ह सुरक्षितपणे काढता येत नाही, ‘वापरात आहे’ असा निरोप येतो. दुसरी अशी की साइटवर भरलेल्या नोंदी ऑफिसात पोचलेल्या फायलीत दिसत नाहीत. पहिली आम्ही विंडोजच्या माथी मारली, दुसरी सुपरवायझरच्या. ‘सेव्ह करायला विसरला असेल’ हे वाक्य सॉफ्टवेअरवाल्याच्या तोंडात आयतं असतं.

तिन्ही तक्रारी वहीत वेगवेगळ्या पानांवर लिहिल्या गेल्या. मुळात ती एकच तक्रार होती.

पहिला उपाय आणि तो का फसला

शेजारच्या फायली दिसतात म्हणून लोक बिचकतात, तर त्या दिसूच नयेत, असं आम्ही ठरवलं. त्या दोन्ही फायली तयार झाल्या की त्यांना विंडोजचा ‘हिडन’ गुण लावायचा. दहा-बारा ओळींचा कोड, एका दुपारचं काम. वर्डसुद्धा डॉक्युमेंट उघडलं की ‘~$’ने सुरू होणारी एक लपवलेली फाइल शेजारी ठेवतो, मग आपण का नाही, हा युक्तिवाद माझाच.

फरक माझ्या लक्षात आला नाही. वर्डच्या त्या फायलीत डॉक्युमेंट कोणी उघडलंय एवढीच नोंद असते. ती उडाली तर मजकुरातलं अक्षरही जात नाही. आमच्या लपवलेल्या फायलीत आजची मोजमापं होती.

लपवण्याआधी काही जाणती मंडळी तिन्ही फायली एकत्र उचलून नेत होती. का ते त्यांना माहीत नव्हतं, पण ‘एका नावाच्या आहेत, राहू देत बरोबर’ या हिशेबाने नेत होती आणि त्यामुळे त्यांचं काही अडत नव्हतं. लपवल्यावर तीही एकच फाइल न्यायला लागली. म्हणजे आमच्या दुरुस्तीने आजवर वाचलेल्यांनाही खड्ड्यात घातलं.

दोन प्रसंग

पहिला प्रसंग गावाबाहेरच्या एका रस्त्याच्या कामाचा. सुपरवायझरने संध्याकाळी लॅपटॉपवर चेनेजनुसार (रस्त्याच्या सुरुवातीपासूनच्या अंतरानुसार) खडीकरणाच्या नऊ ओळी भरल्या, सेव्ह केलं, ते काम बंद केलं. सॉफ्टवेअर मात्र उघडंच ठेवलं, कारण दुसऱ्या कामाची फाइल बघायची होती. मग एक्सप्लोररमधून फाइल ऑफिसच्या ग्रुपवर टाकली. ऑफिसात बिल निघालं ते त्या नऊ ओळी सोडून. कागदावरच्या मोजमाप पुस्तिकेशी ताडताना फरक कनिष्ठ अभियंत्याच्या नजरेला आला, म्हणून वेळेत सापडलं. ठेकेदाराने सुपरवायझरला झापलं. तो बिचारा शपथेवर सांगत होता, “साहेब, मी सेव्ह केलं होतं.” त्याने खरोखरच केलं होतं.

दुसरा प्रसंग अधिक वाईट. एका ऑफिसात दर लावायचं काम चालू असताना लाइट गेली. यूपीएसची बॅटरी कधीचीच मेलेली. लाइट आल्यावर मुख्य फाइल आणि तिची लपलेली ‘-वॉल’ दोन्ही डिस्कवर तशाच होत्या. सॉफ्टवेअर पुन्हा उघडलं असतं तर एसक्यूलाइटने गुपचूप सगळं जुळवून घेतलं असतं. पण तेवढ्यात सुपरवायझर त्याच नावाची साइटवरची फाइल पेनड्राइव्हवर घेऊन आला आणि ती ‘रिप्लेस’ म्हणून जुन्यावर चिकटवली गेली. आता फोल्डरमध्ये धड एकाचं आणि शेपूट दुसऱ्याचं. उघडायला गेले तर डेटाबेसची फाइल खराब झाल्याचा निरोप.

एसक्यूलाइटच्या वॉल फायलीत ‘मी अमुक डेटाबेसची’ अशी ओळख नसते. नाव जुळलं की ती त्याच फायलीची समजली जाते आणि तिच्यातली पानं (डेटाबेस ज्या ठरावीक मापाच्या तुकड्यांत साठवलेला असतो ते तुकडे) त्या डेटाबेसवर बसवली जातात. साइटवरची प्रत पेनड्राइव्हवर शाबूत होती. ऑफिसात लावलेले दर मात्र गेले. दोघांनी बसून एक अख्खी दुपार ते कागदावरून परत भरले.

खरं कारण

दुसऱ्या प्रसंगानंतर मी त्या ऑफिसातून सगळा फोल्डर उचलून आणला. वॉल फाइल ४९,४७२ बाइटची होती. या फायलीची रचना सरळ आहे: सुरुवातीला ३२ बाइटचं शीर्षक, मग प्रत्येक बदललेल्या पानामागे २४ बाइटचं छोटं शीर्षक आणि त्यानंतर ते पान. आमचं पान ४,०९६ बाइटचं, म्हणजे एका पानाला ४,१२० बाइट. ४९,४७२मधून ३२ वजा केले आणि ४,१२०ने भागलं, तर नेमके १२ आले. बारा पानं. आम्ही मॅडमना ‘तात्पुरती’ म्हणून सांगितलेली गोष्ट हीच.

एसक्यूलाइट दोन तऱ्हांनी काम करतं. जुन्या तऱ्हेत बदल करण्याआधी पानाची मूळ प्रत ‘-जर्नल’ नावाच्या फायलीत ठेवली जाते, मग मुख्य फायलीत बदल होतो, आणि काम पुरं झालं की जर्नल पुसली जाते. मध्येच लाइट गेली तर मूळ पानं परत आणता येतात. ही जर्नल क्षणभर येते आणि जाते. आमच्या पहिल्या आवृत्तीत ती होतीच, पण कुणाच्या नजरेला पडली नाही.

दुसरी तऱ्हा म्हणजे वॉल (राइट-अहेड लॉग). ती २०१० मध्ये ३.७.० आवृत्तीत आली. तिच्यात उलटं चालतं: मुख्य फायलीला हात न लावता नवीन पानं वॉल फायलीत शेवटी जोडत जायची आणि अधूनमधून ती मुख्य फायलीत उतरवायची. या उतरवण्याला चेकपॉइंट म्हणतात, आणि मुळातलं माप १,००० पानांचं आहे. आमच्या पानाच्या हिशेबाने साधारण ४ एमबी. नऊ ओळींची मोजमापं तिथवर पोचतील कशी? मग दिवसभराचं काम वॉलमध्येच पडून राहतं. शेवटचं कनेक्शन (सॉफ्टवेअरने डेटाबेसशी उघडलेला दुवा) नीट बंद झालं की मात्र सगळं मुख्य फायलीत उतरतं आणि दोन्ही शेपट्या जातात.

ही तऱ्हा आम्ही निवडली कधी? कधीच नाही. एंटिटी फ्रेमवर्क कोअर स्वतः बनवलेल्या डेटाबेसला आपणहून वॉल लावतं. आम्ही ते वाचलं नव्हतं. असं फसणारे आम्ही पहिले नव्हतो, ही तेवढीच समाधानाची बाब. २०१३ मध्ये ॲपलने मॅकच्या मॅव्हरिक्स आवृत्तीत कोअर डेटाची (ॲपलच्या डेटा साठवायच्या चौकटीची) मूळ तऱ्हा बदलून वॉल केली, तेव्हा मॅकवर डॉक्युमेंटची सॉफ्टवेअरं बनवणाऱ्यांनाही हाच झटका बसला. ॲपलला त्यावर वेगळं तांत्रिक टिपण काढून जुन्या तऱ्हेवर परत कसं जायचं ते सांगावं लागलं होतं.

तरीही एक कोडं उरलं. काम बंद केलं की आमचा कोड कनेक्शन बंद करतो. मग शेपट्या राहतात कशा, आणि पेनड्राइव्ह अडकतो का?

हे शोधायला दोन दिवस गेले, त्यातला निम्मा वेळ चहामुळे. मी घटना उभी करायचो, फोल्डरमध्ये शेपट्या दिसायच्या, टपरीवर जाऊन यायचो, तर शेपट्या गायब! मला वाटायचं, भास होतोय. डॉट नेटच्या एसक्यूलाइट लायब्ररीने ६.० पासून कनेक्शनांचा पूल, म्हणजे राखून ठेवलेला साठा, ठेवायला सुरुवात केली, आणि तो मुळातच चालू असतो. म्हणजे कोडने ‘बंद कर’ म्हटलं तरी ती कनेक्शन हातात धरून ठेवते, पुढच्या वेळी लवकर देता यावं म्हणून. बराच वेळ कुणी विचारलं नाही की आपणहून सोडते. सर्व्हरला हे सोयीचं आहे. आमच्यासारख्या, फाइल हातातून हातात जाणाऱ्या सॉफ्टवेअरला ते घातक ठरलं. पेनड्राइव्ह अडकायचा तो यामुळे, आणि वैतागून लोक तो तसाच उपटायचे. मग ताजी मोजमापं पेनड्राइव्हवरच्या शेपटीत, आणि ऑफिसात कॉपी व्हायचं ते फक्त धड.

लोक शेपट्या बिनदिक्कत पुसत का होते, याचं उत्तर मला मॅडमकडून मिळालं. “ऑटोकॅडच्या बीएके फायली आम्ही दर शनिवारी साफ करतो की. त्यातलाच प्रकार वाटला.” बरोबरच होतं त्यांचं. या धंद्यातल्या संगणकांवर मुख्य फायलीशेजारी उगवणारी प्रत्येक गोष्ट आजवर कचराच होती. अपवाद आमचाच.

समोर असलेले पर्याय

लोकांना शिकवायचं, हा एक. ‘तिन्ही फायली बरोबर न्या’ अशी सूचना काढायची. एका भागीदाराने पत्रक लिहूनही ठेवलं होतं. मी विचारलं, व्हॉट्सॲपवर पाठवणारा माणूस तीन फायली निवडेल का? तो काही बोलला नाही.

दुसरा म्हणजे जर्नल मेमरीत ठेवायची किंवा बंदच करायची. एसक्यूलाइटमध्ये दोन्हींची सोय आहे, एका ओळीत होतं आणि शेजारी एकही फाइल दिसत नाही. यावर आमच्यात चांगलीच वादावादी झाली. त्या भागीदाराचं म्हणणं, सेव्हला लागतं अर्धं सेकंद, नेमकी त्यातच लाइट कशाला जाईल. माझं म्हणणं, आपण राहतो त्या गावात ती त्यातच जाते. लिहिता लिहिता वीज गेली आणि मूळ पानं कुठेच नसली, तर नुसता आजचा नव्हे, वर्षभराचा डेटाबेस मोडू शकतो. दिसणारी गैरसोय घालवायला न दिसणारा धोका घ्यायचा, हे आम्ही लपवालपवीत एकदा करून बसलो होतो.

तिसरा, जुन्या तऱ्हेवर परत जायचं. हा समंजस पर्याय. वॉलचा मोठा फायदा असा की एकजण लिहीत असताना दुसऱ्यांना वाचता येतं. आमच्याकडे एक माणूस, एक फाइल. फायदा शून्य, भुर्दंड पूर्ण. पण यालाही दोन बाजू होत्या. आता आमची प्रत्येक ओळ भरली की लगेच नोंदली जाते, आणि पेनड्राइव्हवर दर ओळीला जर्नल बनवायची-पुसायची म्हणजे टाइप करताना अडखळल्यासारखं होतं. शिवाय लिहिता लिहिता लाइट गेली तर ‘-जर्नल’ मागे उरतेच. ती पुसली तर अर्धवट बदललेला डेटाबेस दुरुस्त करायला काही उरत नाही. धोक्याची खिडकी दिवसभराऐवजी क्षणाची होते, पण ती बंद होत नाही.

चौथा सगळ्यांत मोठ्या कामाचा. लोक ज्या फायलीला ‘आपली फाइल’ म्हणतात, तिच्यावर डेटाबेस चालवायचाच नाही. उघडताना तिची प्रत संगणकाच्या आपल्या डिस्कवर, सॉफ्टवेअरच्या खासगी फोल्डरात घ्यायची, काम त्या प्रतीवर करायचं, आणि सेव्ह म्हटलं की एक अखंड, बंद फाइल तयार करून लोकांच्या जागी ठेवायची. शेपट्या येऊ देत की, त्या खासगी फोल्डरात येतील.

काय केलं

आधी हिडन गुण काढून टाकला. आठवडाभर शेपट्या पुन्हा दिसू लागल्या आणि तक्रारी वाढल्या. मला ते चाललं.

त्यानंतर तातडीची दुरुस्ती म्हणून तिसरा पर्याय. इथेही एक ठेच लागली. वॉल ही तऱ्हा फायलीतच कोरलेली असते: शीर्षकातले १८ आणि १९ क्रमांकाचे बाइट (मोजणी शून्यापासून) वॉलमध्ये २ असतात, जुन्या तऱ्हेत १. म्हणजे आमच्या कोडमध्ये बदल करून लोकांकडच्या जुन्या फायली बदलत नव्हत्या. प्रत्येक फाइल उघडताना तिला जुन्या तऱ्हेवर आणणं भाग होतं, आणि त्यासाठी त्या फायलीवर दुसरं एकही कनेक्शन असून चालत नाही. आमच्या पूलमध्ये ते असायचंच, मग ‘डेटाबेस लॉक आहे’ म्हणून नकार. आधी पूलिंग बंद, मग रूपांतर, हा क्रम कळेपर्यंत एक आवृत्ती बाहेर गेलीसुद्धा होती.

मग सवडीने चौथा पर्याय. प्रकाशित करायची प्रत बनवायला आम्ही ‘व्हॅक्यूम इनटू’ ही आज्ञा वापरली. ती २०१९ मध्ये ३.२७.० आवृत्तीत आली आणि चालू डेटाबेसची नीटनेटकी, एकसंध प्रत नवीन फायलीत काढते. नाव दिलेली फाइल आधीपासून भरलेली असली तर ती नकार देते. म्हणून त्याच फोल्डरात तात्पुरत्या नावाने लिहायचं आणि मग नाव बदलून मुख्य फायलीच्या जागी आणायचं. त्याच फोल्डरात अशासाठी, की एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर नाव बदलणं म्हणजे शेवटी कॉपीच, आणि कॉपी अर्ध्यात तुटते.

मेख पुढे आहे. ‘व्हॅक्यूम इनटू’ पूर्ण झालं म्हणजे फाइल डिस्कवर पक्की उतरली असं नाही. एसक्यूलाइट त्या नवीन फायलीला डिस्कवर ढकलायची आज्ञा देत नाही आणि तसं त्याच्या दस्तऐवजात सांगितलेलं आहे. ते काम आमचं. फाइल ढकलायची, उघडून तपासायची, १८ आणि १९ हे बाइट १ आहेत का बघायचं, आणि मगच नाव बदलायचं. यातली कुठलीही पायरी अडली तर जुनी फाइल जशीच्या तशी राहते आणि पडद्यावर मराठीत कारण येतं.

सगळ्यांत जास्त चर्चा झाली ती एका खिडकीवर. लाइट गेली, खासगी फोल्डरात सेव्ह न केलेली प्रत उरली, आणि माणूस मुख्य फाइल पुन्हा उघडतोय, तर कोणती दाखवायची? एक मत होतं की जास्त ताजी आपोआप घ्यावी. पण पेनड्राइव्हवरून त्याच नावाची साइटची फाइल आली असेल तर? आमचा दुसरा प्रसंग नेमका तोच. म्हणून प्रत्येक कामाला एक ओळखक्रमांक आणि प्रत्येक सेव्हला चढता आकडा फायलीतच ठेवला. दोन्ही जुळले तर उरलेली प्रत सरळ उचलायची. नाही जुळले तर विचारायचं, आणि विचारताना नुसती तारीख दाखवायची नाही, दोन्हींतली शेवटची नोंद दाखवायची: ‘चेनेज ०/३५० ते ०/३८०, खडीकरण’. वेळेवरून माणसाला काही आठवत नाही. चेनेज म्हटलं की तो उभा कुठे होता तेही आठवतं.

परिणाम

पेनड्राइव्ह अडकणं पूलिंग बंद केल्याच्या दिवशीच थांबलं. नोंदी गहाळ झाल्याची तक्रार नव्या आवृत्तीनंतर आलेली नाही. त्या सुपरवायझरला आम्ही फोन करून चूक आमची होती हे सांगितलं आणि त्याच्या ठेकेदारालाही सांगितलं. फोनवर बराच वेळ शांतता होती.

किंमतही मोजावी लागली. आता सेव्ह म्हणजे पूर्ण फाइल पुन्हा लिहिणं. साध्या कामाला ते कळतही नाही, पण काहीजण फायलीत साइटचे फोटो ठेवतात, आणि फोनवरचे मूळ आकाराचे फोटो पन्नासेक झाले की पेनड्राइव्हवर सेव्ह करताना हाताची घडी घालून बसावं लागतं. फोटो घेतानाच लहान करायची सोय नंतर घातली. जुन्या फोटोंचं ओझं तसंच आहे. शिवाय स्वस्तातल्या पेनड्राइव्हवरची फॅट३२ (फायली मांडून ठेवायची जुनी पद्धत) नाव बदलण्याच्या क्षणी ओढून काढलं तर काय करेल, याची हमी आम्ही देत नाही. म्हणून पेनड्राइव्हवर सेव्ह केलं की त्याआधीची एक प्रत खासगी फोल्डरात ठेवतो.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्याच फोनच्या वेळी ती वॉल फाइल उघडून बघायला हवी होती. आकार भागायला दोन मिनिटं लागली असती. ‘ही फाइल पुसली तर काय जातं?’ एवढं आम्ही स्वतःला विचारलं असतं तर हिडन गुणाचा विचारही डोक्यात आला नसता.

नवीन लायब्ररी घेताना ती न मागता काय काय चालू करते याची यादी करायला हवी होती. आमच्या चाचण्या डेटाबेस उघडायच्या, लिहायच्या, वाचायच्या, आणि सगळ्या पास व्हायच्या. फक्त मुख्य फाइल दुसऱ्या फोल्डरात नेऊन तिच्यात शेवटची ओळ आहे का, हे एकही चाचणी बघत नव्हती. आमचे लोक दिवसातून दहादा तेच करत होते. आता ती चाचणी आहे, आणि सॉफ्टवेअर चालू असतानाच ती फाइल उचलते.

चौथ्या पर्यायावर मात्र माझं मन अजून पुरतं बसलेलं नाही. आमच्यापेक्षा लहान फाइल आणि कमी गडबड असलेल्या कुणी विचारलं तर मी तिसऱ्यावरच थांबायला सांगेन. जुनी तऱ्हा, पूलिंग बंद, आणि लाइट गेल्यानंतर जर्नल उरली असेल तर ती पुसू नका एवढी एक सूचना. आम्हाला चौथा घ्यावा लागला तो पेनड्राइव्हवर थेट काम करणाऱ्यांमुळे. ते कमी असते तर एवढा पसारा घातला नसता.

तात्पुरत्या फायलीच्या नावावरूनही खल झाला. सेव्ह चालू असताना पेनड्राइव्ह उपटला तर ती मागे उरणारच. भागीदाराला आकड्या-अक्षरांचं नेहमीचं अगम्य नाव हवं होतं. मी हट्टाने सरळ मराठी नाव ठेवलं.

परवा मॅडमचा फोन आला. “दादा, आज एक नवीनच पिल्लू दिसतंय. ‘नाला-काम-३ अर्धवट सेव्ह, पुसली तरी चालेल’.”

“मग?”

“मग काय, पुसली. तेवढंच सांगायला फोन केला.”